टाळूत आडवा झोपलेला सुळा

"वय काय म्हणालात?" मॅडमनी विचारलं.

"सत्तावीस."

"मग तुमच्या तोंडात अजून एक दुधाचा दात आहे. त्याच्या जागी जो यायला हवा होता, तो वर टाळूत आडवा झोपलाय."

जळगावातल्या दातांच्या दवाखान्यात कॉम्प्युटरच्या पडद्यावर माझा जबडा दिसत होता. ओपीजी, म्हणजे सगळे दात एकाच चित्रात दाखवणारा एक्स-रे. बाकीचे दात प्रार्थनेला उभ्या पोरांसारखे रांगेत होते, डावीकडचा वरचा सुळा तेवढा आडवा. इम्पॅक्टेड कॅनाइन, म्हणजे हाडात अडकून बसलेला सुळा. मला हसू आलं. झोपलाय तर झोपू दे की! मी उठायलाच लागलो, कारण पाच वाजता पिंप्राळ्याला हळद होती आणि तुळशीचं लग्न लागल्यापासून आम्हाला श्वास घ्यायला फुरसत नव्हती.

"बसा," मॅडम म्हणाल्या. "त्याचं टोक शेजारच्या दाताच्या मुळीला लागलंय. मुळी झिजतेय असं दिसतं. असंच चाललं तर पुढचा दात जाईल. कदाचित दोन."

मी बसलो. मी बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवतो.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. क्लॅरिनेटच्या माउथपीसवर वरचे पुढचे दात टेकवायचे असतात. खालचा ओठ दातांवर दुमडून त्यावर माउथपीसची वेताची पातळ पत्ती ठेवायची आणि फुंकायचं. सगळा स्वर त्या दोन-चार दातांवर तोललेला असतो. हे मला आमच्या बँडचे मालक रशीदचाचांनी शिकवलं. एके काळी जळगाव ते धुळे चाचांसारखं क्लॅरिनेट कुणाचं नव्हतं. पन्नाशीत त्यांचे पुढचे दात पडले. कवळी बसवली, पण वरचा स्वर घेताना ती हलायची. शेवटी त्यांनी आपलं वाद्य, माउथपीससकट, माझ्या हातात दिलं. मी तेव्हा पंधरा वर्षांचा होतो. तेव्हापासून चाचा काठी घेऊन बँडच्या पुढे चालतात. "दात गये, बाजा गया," असं हसत म्हणतात आणि मग उगाच कुणाच्या तरी वाद्याच्या चाव्या पुसत बसतात.

म्हणून मॅडम 'पुढचा दात' म्हणाल्या तेव्हा मला दात दिसले नाहीत, काठी दिसली.

खरं तर इशारा मिळाला होता. वर्षभर वाजवताना डावा दात किंचित हलायचा. वरचा स्वर घेतला की नाकाच्या बाजूला ठणका लागायचा. मी लवंग ठेवायचो आणि पुढच्या वरातीला जायचो. माझा स्वभावच असा की बस स्टँडवर पाच मिनिटं उभं राहिलो तरी बोटं खिशात सरगम वाजवत बसतात. दवाखान्यात कोण थांबणार? तुमच्या घरात बारा-तेरा वर्षांचं पोर असेल तर आजच त्याला खिडकीशी उभं करा आणि वरचे दोन्ही सुळे आलेत का बघा. मॅडम म्हणाल्या, त्या वयात सापडलं असतं तर निम्म्यात निभावलं असतं.

मग सीबीसीटी झाला. हा जबड्याचा तिन्ही बाजूंनी काढलेला स्कॅन. यंत्र डोक्याभोवती गोल फिरतं आणि अजिबात हलू नका म्हणतात. मी हललो. पुन्हा काढला. निकाल मॅडमनी सांगितला तोच निघाला: रूट रिसॉर्प्शन, म्हणजे मुळी झिजणे. शेजारच्या दाताच्या मुळीचं टोक सुळ्यानं खाल्लं होतं.

"तीन रस्ते आहेत," मॅडम म्हणाल्या. "तसाच सोडायचा, तर मुळी झिजत राहील. काढून टाकायचा, तर त्या जागी खोटा दात बसवावा लागेल. किंवा टाळू उघडून त्याला साखळी लावायची आणि तारेनं हळूहळू ओढून जागेवर आणायचा. दीड-दोन वर्षं लागतील. तुमच्या वयात कधी कधी दात हाडाला चिकटलेला असतो, अँकायलोसिस म्हणतात. तसं असेल तर तो हलणारच नाही. ते आधी खात्रीनं सांगता येत नाही."

खोट्या दाताचं नाव निघताच मी तिसरा रस्ता धरला. घरी मी आणि माय दोघंच. माय माझ्यासाठी मुली बघत होती. तिला सांगितलं तर तिनं कपाळाला हात लावला.

"तुना तोंडमा आजून दूधना दात शे? आनि आम्ही तुनाकरता पोर देखी राह्यनूत!"

साखळीचं ऐकल्यावर तर तिला हसूच आवरेना. "दात शे का बैल शे? दोरी बांधीसन वढी राह्यनात!"

आधी ब्रेसेस लागल्या, म्हणजे दातांवर चिकटवलेल्या धातूच्या चौकटी आणि त्यांतून ओवलेली तार. सुळ्यासाठी जागा करायची होती. रोज किती तास वाजवता, असं मॅडमनी विचारलं. मी दोन तास म्हणालो. लगीनसराईत सहा होतात.

"दोनसुद्धा जास्त आहेत," त्या म्हणाल्या. "मी दात मागे ओढणार, तुमचं वाद्य ते पुढे ढकलणार. चार महिन्यांनी ऑपरेशन करू."

चार महिन्यांनी म्हणजे ऐन फाल्गुनात. मी म्हणालो, मॅडम, आषाढात करू, तेव्हा मुहूर्त नसतात. "दात पंचांग बघून सरकत नाही," त्या म्हणाल्या. तरी मी हट्ट सोडला नाही. त्या हट्टापायी आणखी चार महिने मी ती मुळी सुळ्याला खायला दिली, हे आज लिहिताना लाज वाटते.

ती लगीनसराई मी तारांसकट वाजवली. वरच्या ओठाला आतून फोड यायचे. मॅडमनी चौकटींवर लावायला मेण दिलं होतं, ते दुसऱ्या गाण्यापर्यंत टिकायचं. आपलेच दात आणि आपलेच ओठ, तक्रार कुणाकडे करणार?

आषाढात धुळ्याला गेलो. मॅडमच्या भरवशाचे सर्जन तिथल्या एका दवाखान्यात होते. पारोळ्यापर्यंत बस खड्ड्यांतून चालली आणि माझी जीभ सारखी टाळूवर. वेटिंगमध्ये भिंतीवरच्या घड्याळाचा सेकंदकाटा अडखळत होता, ठेका चुकत होता. उठून तो नीट करावासा वाटत होता.

ऑपरेशन जागेपणीच होतं. टाळूतली भुलीची सुई फार दुखते, खोटं कशाला सांगू? नंतर मात्र दुखत नाही, फक्त कळतं. सरांनी टाळूची कातडी बाजूला केली, थोडं हाड कोरलं. कोरण्याचा आवाज कानातून नाही, कवटीतून येतो. दुधाचा दात त्याच वेळी काढला. सुळ्यावर एक छोटं बटण चिकटवलं, त्याला नखाएवढ्या कड्यांची नव्हे, मोहरीएवढ्या कड्यांची साखळी. ती टाळूतून बाहेर काढून तारेला बांधली आणि टाके घातले.

"साखळीला हात लावायचा नाही. दोन महिने फुंकायचं नाही," सर म्हणाले.

दुधाचा दात त्यांनी कागदाच्या पुडीत दिला. मायनं तो आमच्या घराच्या पत्र्यावर फेकला. लहानपणी फेकायचा राहिला होता ना!

आठवडाभर पातळ खिचडी आणि केळी. दर तीन आठवड्यांनी मॅडम साखळी एक-दोन कड्या वर घेऊन पुन्हा बांधायच्या आणि उरलेलं शेपूट कापायच्या. दोन दिवस दात ठणकायचा. तो सरकतोय की नाही ते काही दिसायचं नाही. मी त्यांना प्रत्येक वेळी विचारायचो, त्या प्रत्येक वेळी म्हणायच्या, थांबा.

थांबणं जमलं नाही. दीड महिन्यात गणपती आले. चाचा लेकीच्या बाळंतपणाला यावलला गेलेले. बँडची पोरं म्हणाली, दादा, तुमच्याशिवाय कसं? मला तेवढंच हवं होतं. उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग! दुपारी दुकानात दार लोटून क्लॅरिनेट तोंडाला लावलं.

वाजलं. पण प्रत्येक स्वराला साखळीचं शेपूट जिभेला लागत होतं. क्लॅरिनेटमध्ये प्रत्येक स्वर जिभेच्या टोकानं तोडायचा असतो. तिथे ही कडी अडकायची आणि स्वरात बारीक 'स्स' यायचा. आता आम्हा वाजवणाऱ्यांचं असं आहे की वाद्यात खरखर सहन होत नाही. चावी सैल झाली की आम्ही स्वतः कसतो. पत्ती जड लागली की ब्लेडनं खरवडतो. मेकॅनिककडे कुणी जात नाही. माझं तोंडसुद्धा मला त्या घडीला वाद्याचाच भाग वाटलं. चाचांच्या डब्यात स्प्रिंग कापायची बारीक पक्कड होती. ती स्पिरिटनं पुसली, भिंतीवरच्या आरशापुढे उभा राहिलो आणि शेपूट कापलं.

आरशात वरचं-आतलं काही नीट कळत नाही. मी गाठीच्या अलीकडचं शेपूट कापायचं सोडून पलीकडची कडी कापली होती. तारेला बांधलेला तुकडा हातात आला. दाताकडची साखळी मोकळी झाली आणि चार-पाच दिवसांत जिभेला लागेनाशी झाली. तिच्यावर टाळूची कातडी चढली होती. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

मी कुणाला सांगितलं नाही. स्थापनेला वाजवलं, मधल्या आरत्यांना वाजवलं. विसर्जन झालं की मॅडमकडे जाऊ, असं ठरवलं. रस्त्यात कुणी "दात कसा आहे?" विचारलं की मी विषय बदलायचो, चोराच्या मनात चांदणं. पण स्वर मात्र अगदी साफ लागत होता.

विसर्जनाच्या दिवशी दुपारी चाचा परतले आणि थेट मिरवणुकीत आले. मी त्यांना बघून आणखी चढवून वाजवायला लागलो. त्यांनी दोन गाणी ऐकली. मग काठी वर करून अख्खा बँड थांबवला. ताशेवालेसुद्धा गप्प झाले.

"मी जायच्या आधी तू नुसता गुणगुणायचास, तरी 'स्स' यायचा," ते म्हणाले. "आज क्लॅरिनेट एकदम साफ. साखळी तोंडात असताना साफ कसा वाजेल बेटा? तोंड उघड."

भर रस्त्यात, गुलालात, मी तोंड उघडलं. चाचांनी मोबाइलचा उजेड टाळूवर पाडला. ते ओरडतील असं वाटलं होतं. त्यांनी माझ्या क्लॅरिनेटचं माउथपीस काढलं, रुमालात गुंडाळलं आणि सदऱ्याच्या खिशात ठेवलं. उरलेली मिरवणूक ट्रंपेटवर निघाली. मी मागून चालत होतो आणि मला रडू येत होतं.

मॅडमनी दुसऱ्या दिवशी तोंडात बघितलं आणि खुर्ची मागे सरकवून बसल्या.

"मी तुमच्या क्लॅरिनेटची एक चावी कापली असती तर?"

मी टाळूवर जीभ फिरवली.

"पुन्हा टाळू उघडावी लागेल. आणि एवढे दिवस ओढूनही सुळा फारसा हललेला दिसत नाही. मला अँकायलोसिसची शंका आहे. चिकटलेला निघाला तर सर तो तिथेच काढून टाकतील. शेजारच्या दाताचं मग काही सांगता येत नाही."

पितृपक्षात पुन्हा धुळ्याची बस. या वेळी चाचा शेजारी होते. मी पाय हलवत होतो, त्यांनी गुडघ्यावर हात ठेवला, मी दुसरा पाय हलवायला लागलो. एरंडोल गेल्यावर त्यांना विचारलं, "चाचा, दात पडले तेव्हा तुम्ही काय केलंत?"

"कवळी लावून एक वरात वाजवली. अर्ध्यात कवळी माउथपीसला चिकटून बाहेर आली. नवरदेव हसला." ते खिडकीबाहेर बघत होते. "मी पण हसलो. घरी जाऊन बाजा पेटीत ठेवला. डॉक्टरकडे आधी गेलो असतो तर दात वाचले असते. मला वेळ नव्हता ना, सीझन होता."

बारा वर्षांत त्यांनी हे मला कधी सांगितलं नव्हतं.

टेबलावर पुन्हा तीच सुई, तोच कवटीतला आवाज. सरांनी साखळी शोधून काढली. मग म्हणाले, "आता दातावर हलकं ठोकून बघतो. चिकटलेला असेल तर भांड्यावर ठोकल्यासारखा ठणठणीत आवाज येतो. मोकळा असेल तर दबका येतो."

त्यांनी आधी उजवीकडच्या चांगल्या सुळ्यावर ठोकलं. टप. माझ्या डोक्यात तो स्वर पक्का बसला. आयुष्यभर मी ठणठणीत स्वरामागे धावलो. त्या घडीला मात्र देवाला म्हणत होतो, बेसूर वाजू दे, दबका वाजू दे. सरांनी अवजाराची दांडी टाळूतल्या सुळ्यावर ठेवली.

टप.

तोच स्वर. सरांनी पुन्हा ठोकलं, कान दिला, नर्सकडे बघितलं. मला त्यांच्या आधी कळलं होतं. तोंडात सगळी अवजारं असताना मी हसायचा प्रयत्न केला आणि ओरडा खाल्ला. "हलू नका! मोकळा आहे. बटण सरकून साखळी तिरकी ओढत होती म्हणून येत नव्हता. दिशा बदलतो."

बाहेर आलो तेव्हा चाचा बाकावरून उठले. बोलता येत नव्हतं, म्हणून मी भिंतीवर बोटानं ठोकून दाखवलं, टप. त्यांना काही कळलं नाही, पण त्यांनी खिसा चाचपला.

पुढचं वर्ष माझ्या स्वभावाच्या उलटं गेलं. माउथपीस चाचांच्या खिशात. लगीनसराईत मी बँडच्या मागच्या रांगेत खुळखुळे वाजवले. क्लॅरिनेटचा मास्तर आणि हातात खुळखुळे! जामनेरच्या एका वरातीत वधूचा मामा म्हणाला, "संजयभाऊ, तरक्की झाली वाटतं." मी आणखी जोरात हलवले. एक गोष्ट मात्र त्या खुळखुळ्यांनी शिकवली. मागे राहून सबंध बँड ऐकू येतो. पुढे असताना मी फक्त स्वतःला ऐकायचो.

होळीच्या सुमारास आरशात टाळूला पांढरा ठिपका दिसला. मायला हाक मारली. तिनं चष्मा लावला आणि म्हणाली, "उना रे उना!" तान्ह्याला पहिला दात आल्यावर वाटतात तसे तिनं शेजारी पेढे वाटले. सत्ताविसाव्या वर्षी निदान झालं, अठ्ठाविसाव्या वर्षी मला दात आला. गल्लीतल्या बायकांनी वर्षभर पुरेल एवढी थट्टा केली.

पुढच्या श्रावणात सुळा रांगेत उभा राहिला. शेजारच्या दाताची मुळी आखूड झाली ती झालीच. मॅडमनी सांगितलं, तो वाचला आहे, पण त्याला जन्मभर जपायचं. दर सहा महिन्यांनी दाखवायचं. रोज थोडं वाजवा, मग हळूहळू वाढवा. मागून आतल्या बाजूला एक बारीक तार कायमची चिकटवली आहे, दात पुन्हा सरकू नयेत म्हणून. तिला रिटेनर म्हणतात. ती जिभेला लागते. लागू दे.

त्या दोन्ही डॉक्टरांचे आभार मी कसे मानू? ज्या माणसानं त्यांचं काम पक्कडीनं कापलं, त्याचा दात त्यांनी दुसऱ्यांदा टाळू उघडून ओढून आणला.

त्याच संध्याकाळी दुकानात गेलो. चाचांनी खिशातून रुमाल काढला. माउथपीसवर दोन खोल खळगे होते. ते माझे नव्हते, चाचांचे. तीस वर्षं त्यांचे दात तिथे टेकले आणि खड्डे पडले. बारा वर्षं मी माझे दात त्याच खड्ड्यांत बसवत आलो होतो. आता माझे दात सरकले होते. लावून बघितलं. बसेनात. एक खड्ड्याच्या काठावर, दुसरा भलतीकडे.

मी म्हणालो, "चाचा, हे आता जमत नाही."

त्यांनी अंगठा त्या खळग्यांवरून एकदा फिरवला. मग डब्यातून सायकलच्या ट्यूबचा तुकडा काढला, पंक्चरचं सोल्यूशन लावलं आणि स्वतःच्या तीस वर्षांवर तो पॅच दाबून चिकटवला.

"आता तुझे दात लाव," ते म्हणाले. "जिथे बसतील तिथे."

मी लगेच फुंकणार होतो. मग सोल्यूशन वाळेपर्यंत थांबलो.